विसरलेल्या माणसाशी खरं कसं बोलावं?





गेल्या महिन्यात आपल्या इंदूर केंद्रात महिला सत्संग झाल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांच्या सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालाय. सासरे जाऊन ९ वर्षं झाली. तरी रोज दिवेलागणीला सासूबाई दाराशी जाऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "हे अजून आले नाहीत गं?" ताई म्हणतात, "येतीलच एवढ्यात, तुम्ही चहा घ्या." मग त्या शांत होतात. ताई मला म्हणाल्या, "मी देवापुढे दिवा लावते आणि पुढच्याच मिनिटाला खोटं बोलते. अनुग्रह घेताना आपण सत्याचा नेम घेतलाय. मग माझी ही सेवा खोट्यावरच उभी आहे का?"

त्यांना विचारूनच हा प्रश्न इथे मांडते आहे. आज तो एका घरापुरता राहिलेला नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात साठीच्या पुढच्या साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे दर १०० ज्येष्ठांमागे ७ हून थोडे जास्त. आपल्या प्रत्येक फॅमिली ग्रुपमध्ये असं एखादं घर असणारच.

*आधी आजार समजून घेऊ*

आपण सहज म्हणतो, "म्हातारपणी विसरायला होतंच." चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो तेच न कळणं वेगळं. डिमेन्शियात मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात बहुतेक वेळा आधी जातात त्या ताज्या आठवणी. सकाळी जेवण झालं की नाही हे आठवत नाही, पण लग्नात कोण रुसून बसलं होतं ते आठवतं. त्यामुळे माणूस मागे मागे सरकत जातो. त्या ताईंच्या सासूबाई आज २०२० नंतरच्या इंदुरात राहत नाहीत. त्या राहतात १९७५ च्या रामबागेत. तिथे त्यांचे यजमान सायकलवरून ऑफिसातून यायचे आहेत. संध्याकाळ झाली की अशा रुग्णांची घालमेल वाढते, हे डॉक्टरही सांगतात.

आता अशा बाईंना कुणी सरळ सांगितलं, "अहो, ते जाऊन ९ वर्षं झाली," तर काय होतं? त्यांच्यासाठी ती बातमी नवी असते. त्या आज, आत्ता, पहिल्यांदा विधवा होतात. अर्ध्या तासानं बातमी विसरतात, उद्या पुन्हा विचारतात आणि पुन्हा विधवा होतात.

बातमी विसरली तरी दुःख मात्र मागे राहतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना काही दुःखी आणि काही आनंदी चित्रफिती दाखवल्या होत्या. थोड्या वेळानं चित्रफितीत काय होतं ते रुग्णांना सांगता येईना, पण तिनं जागवलेली भावना मात्र मनात रेंगाळत राहिली. घरी सांभाळणाऱ्या बायकांना हे संशोधनाशिवायही माहीत असतं. सकाळी कुणी आईंवर ओरडलं असेल, तर का ते आईंना आठवत नाही, पण दिवसभर त्या कोमेजलेल्या असतात.

*शुश्रूषा करणाऱ्यांनी काय काय करून पाहिलं*

हा प्रश्न फक्त आपल्याला पडलाय असं नाही. १९५०-६० च्या सुमारास अमेरिकेतल्या रुग्णालयांत अशी पद्धत निघाली की रुग्णाला सारखं वास्तवात आणायचं. भिंतीवर फळा, त्यावर आजचा वार, तारीख, गावाचं नाव, बाहेर ऊन की पाऊस. रुग्ण चुकला की दुरुस्त करायचं. ज्यांचा आजार सुरुवातीला आहे त्यांना अशा फळ्याचा, कॅलेंडरचा, मोठ्या घड्याळाचा आधार खरंच वाटतो. पण ज्यांचा पुढे गेलाय त्यांना दिवसभर परीक्षेला बसवल्यासारखं होतं, आणि त्या परीक्षेत ते रोज नापास होतात.

मग नाओमी फील नावाच्या समाजसेविकेनं क्लीव्हलंडच्या एका वृद्धाश्रमात काम करता करता निराळी वाट काढली. तिचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यातली माहिती दुरुस्त करत बसू नका, त्यामागची भावना ओळखा आणि तिला दाद द्या. खोटं बोला असं तिचं म्हणणं नव्हतं. खोटा दिलासाही नको आणि खऱ्याचा मारही नको, असा तिचा मधला मार्ग होता.

पुढे जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या एका वृद्धाश्रमाबाहेर चक्क खोटा बसथांबा उभा केला. बाक, पाटी सगळं खरं, फक्त तिथे बस कधीच येत नाही. "मला घरी जायचंय" म्हणून बाहेर पडलेले आजी-आजोबा त्या बाकावर बसतात, त्यांची घालमेल कमी होते, मग कुणीतरी येऊन म्हणतं, बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊया का? वाचून आधी हसू येतं, मग डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे कुणी हरवत नाही, कुणाला खोलीत कोंडावं लागत नाही. तरी मन विचारतंच, ही फसवणूक नाही का?

इंग्लंडचे टॉम किटवूड यांनी १९९७ मध्ये 'डिमेन्शिया रीकन्सिडर्ड' हे पुस्तक लिहिलं. डिमेन्शियाच्या रुग्णाचं माणूसपण आपण कशाकशानं हिरावून घेतो, याची त्यांनी एक यादी केली आहे. लहान मुलासारखं वागवणं, धाक दाखवणं, त्याच्यासमोरच तो नसल्यासारखं बोलणं, हे सगळं त्यात आहे, आणि फसवून आपल्याला हवं तसं करून घेणं हेही आहे. म्हणजे जाणकारांमध्येही दोन्ही बाजू आहेत.

*महाभारतातले दोन सत्यवादी*

आपल्या परंपरेत याचा विचार फार पूर्वीच झालाय. कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतात. कौशिक हा तपस्वी, कायम खरंच बोलण्याचा त्याचा नेम. काही लोक दरोडेखोरांच्या भीतीनं जवळच्या रानात लपले. दरोडेखोरांनी कौशिकाला विचारलं, लोक कुठे गेले? त्यानं खरं ते सांगितलं. लोक मारले गेले, आणि कौशिकाला पुण्य मिळण्याऐवजी नरक मिळाला.

दुसरे धर्मराज युधिष्ठिर. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला होता. द्रोणाचार्यांनी मुलाबद्दल विचारलं तेव्हा धर्मराजांनी 'हत्ती' हा शब्द अगदी हळू उच्चारला. अक्षरशः पाहिलं तर ते खरंच बोलले. पण तोवर जमिनीच्या चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ त्या क्षणी खाली टेकला.

मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एकानं पूर्ण खरं सांगितलं, दुसऱ्यानं शब्दांपुरतं खरं सांगितलं, आणि दोघांनाही दोष लागला. दोघांत सारखं काय? दोघांच्याही डोळ्यांसमोर स्वतःचंच काहीतरी होतं. कौशिकाला स्वतःचा नेम जपायचा होता. धर्मराजांना युद्ध जिंकायचं होतं. समोरच्या माणसाचं काय होईल हा विचार दोघांनीही बाजूला ठेवला. कौशिकानं रानातल्या लोकांचा, धर्मराजांनी त्यांच्यावर विश्वास टाकणाऱ्या गुरूचा.

गीतेच्या १७ व्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, आपण ते पारायणात वाचतो. बोलणं खरं असावं, गोड असावं, हिताचं असावं आणि ऐकणाऱ्याच्या मनात खळबळ उडवणारं नसावं. हे चारही एकदम हवेत. त्यातलं फक्त 'खरं' तेवढं उचलून दिवेलागणीला एका म्हातारीला रोज विधवा करणं हे काही तप होत नाही. पण फक्त 'गोड' उचललं तर तेही तप नाही. सोयीचं खोटं नेहमी गोडच असतं.

*मग ताईंनी काय करावं?*

मला जे वाटतं ते सांगते. पहिलं म्हणजे, प्रश्नाचं उत्तर देण्याआधी प्रश्न काय आहे ते बघावं. "हे अजून आले नाहीत?" यात कधी आठवण असते, कधी अंधाराची भीती, कधी नुसती भूक. "त्यांची आठवण येतेय ना? ऑफिसातून आल्यावर आधी काय मागायचे ते?" असं विचारून पाहा. त्या सांगतील, चहा मागायचे की पोहे, चप्पल कुठे काढायचे, कशावरून चिडायचे. दहा मिनिटं छान जातील आणि त्यात एक शब्दही खोटा नसेल. भीती असेल तर दिवा लावा, हात धरा, "मी आहे ना इथे" म्हणा. हे तर शंभर टक्के खरं आहे.

आमच्या ओळखीत एक सूनबाई आहेत. त्यांच्या सासूबाई स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणून पिशवी भरायच्या. "हेच तुमचं घर" म्हटलं की जास्तच चिडायच्या. सूनबाईंनी वाद सोडून दिला. "चला" म्हणून हाताला धरून गल्लीत एक फेरी मारून आणतात. दारात पारिजात आहे, तो दिसला की सासूबाईच म्हणतात, "आलो गं बाई घरी." इथे कुणी कुणाला फसवलं? त्यांना हवं असलेलं घर म्हणजे सुरक्षित वाटणं. ते त्यांना मिळालं.

दुसरं. कधीकधी आजारातही मधेच ढग बाजूला होतात. सासूबाई डोळ्यांत डोळे घालून विचारतात, "खरं सांग, ते गेले ना?" किंवा "मला काय होतंय गं? माझं डोकं चालत नाही." तेव्हा मात्र "काही नाही हो, उगीच काय" म्हणू नये. तो प्रश्न त्या पूर्ण भानावर येऊन विचारत असतात. जवळ बसावं, हात हातात घ्यावा आणि खरं सांगावं. "हो आई, गेले. तुम्ही त्यांचं सगळं केलंत." किंवा "हो, तुम्हाला विसरण्याचा आजार झालाय. पण आम्ही तुम्हाला सोडून कुठे जाणार नाही." रडल्या तर रडू द्यावं. ज्याला खरं पेलवतं आणि जो खरं मागतो त्याला ते न देणं म्हणजे त्याला जिवंतपणीच माणसांतून काढून टाकणं.

तिसरं. हे सगळं करूनही एखाद्या संध्याकाळी काहीच लागू पडत नाही, कुकरच्या शिट्या चालू आहेत, मुलं क्लासहून यायची आहेत, आणि तोंडातून "येतीलच एवढ्यात" निघून जातं. ताई, त्यासाठी मनाला लावून घेऊ नका. पण ते पहिलं उत्तर होऊ देऊ नका. सवय झाली की आपण त्यांचं ऐकायचंच बंद करतो, आणि खरं नुकसान तिथे होतं.

*खोटं नक्की कुणासाठी?*

"येतीलच" याहून कितीतरी मोठी खोटी या आजाराच्या आसपास बोलली जातात आणि त्यांच्याबद्दल कुणाला दोषी वाटत नाही. "डॉक्टरांचा कागद आहे" म्हणून घराच्या कागदावर सही घेणं. "सत्संगाला जाऊ" म्हणून गाडीत बसवून कायमचं दुसरीकडे नेऊन सोडणं. आईच्या पेन्शनचा हिशोब बहिणीला न सांगणं. कौशिक आणि धर्मराज यांच्याकडून शिकलेली कसोटी इथे लावून बघा: हे बोलल्यानं कुणाचा जीव हलका होतो, त्यांचा की माझा? माझाच होत असेल, तर ते शब्द कितीही गोड असोत, रथ जमिनीला टेकलाच म्हणून समजा.

गोळ्या चुरून चहात घालाव्यात का, हेही बायका विचारतात. हे आपल्या मनानं कधीही करू नये. काही गोळ्या चुरल्या की त्यांचा गुण बदलतो, काही घातक होतात. डॉक्टरांशी बोलून, घरातल्या सगळ्यांना माहीत असूनच असा निर्णय घ्यावा.

मनाच्या आजारात, म्हणजे स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र नैराश्यात, हे गणित बदलतं. तिथे स्मृती शाबूत असते आणि उपचारानं माणूस सावरतो. सावरल्यावर त्याला सगळं आठवतं, आपण चोरून दिलेलं औषधही आठवतं. एकदा विश्वास उडाला की तो घरचं अन्नही नाकारतो. "शेजारी माझ्या पाण्यात विष घालतात" असं कुणी म्हणालं तर "हो, घालतात" म्हणू नये आणि "मूर्खासारखं बोलू नकोस" असंही म्हणू नये. "तुला खूप भीती वाटतेय हे मला कळतंय. मला तसं दिसत नाही, पण मी तुझ्याजवळ आहे," एवढं म्हणावं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला बरेच हक्क दिलेत. पुढे आजारी पडलो तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, आपल्या वतीनं कुणी बोलावं, हे तो बरा असतानाच लिहून ठेवू शकतो. त्याचं म्हणणं विचारणं हे आता कायद्यानंही आपलं काम आहे.

*सगळ्यात मोठं खोटं*

थोडं कडू लिहिते, क्षमा असावी. आईशी खोटं बोललो म्हणून आपल्याला रात्री झोप लागत नाही, पण चार लोकांत "आईची तब्येत छान आहे, फक्त गुडघे दुखतात" हे आपण बिनदिक्कत सांगतो. मुलीचं लग्न ठरायचंय, लोक काय म्हणतील, घराण्यात 'वेड' आहे म्हणतील. मग आईला पाहुणे आले की आतल्या खोलीत बसवतात. सत्संगाला आणणं बंद होतं. सांभाळणारी सून एकटी पडते, ती कुणाला सांगू शकत नाही की रात्री तीनदा उठावं लागतं, अंथरूण बदलावं लागतं. हे खोटं आईच्या हिताचं नाही, सुनेच्याही नाही. ते फक्त घराच्या नावासाठी आहे.

या खोट्यामुळे उपचारही लांबतात. थायरॉइड, व्हिटॅमिन बी १२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि ते सुधारू शकतं. एक-दोन दिवसांत अचानक माणूस बडबडायला लागला, कुणाला ओळखेना, तर बरेचदा लघवीचा जंतुसंसर्ग किंवा एखादं औषध हे कारण निघतं. अशा वेळी "वय झालं" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. नाम घ्यावंच, पण नाम घेत घेत दवाखान्यात जावं.

आपल्या सगळ्याच गावांकडे सरकारी सोय आहे. इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्याला कारेलीबागेतलं रुग्णालय, हैदराबादला एर्रागड्डा, गोव्यात बांबोळी आणि बेळगावकरांना जवळ धारवाडची संस्था. 'टेली मानस' ही सरकारी फोनसेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या नंबरावर फोन लावला की आपल्या भाषेत बोलता येतं, आणि सांभाळणाऱ्यांनीही फोन करायला हरकत नाही.

*जे शेवटपर्यंत खरं राहतं*

ज्यांना मुलाचं नाव आठवत नाही त्यांना आरती आठवते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलंय. लहानपणापासून हजारदा म्हटलेला हरिपाठ, करुणाष्टकं, टाळ्यांचा ठेका हे फार खोल मुरलेलं असतं आणि पुष्कळदा बाकीचं गेल्यावरही टिकून राहतं. तेव्हा अशा आजी-आजोबांना घरी ठेवून सत्संगाला येऊ नका, त्यांना घेऊन या. मधेच उठतील, मोठ्यानं बोलतील, प्रसाद दोनदा मागतील. दोनदा द्यावा. आरती चालू असताना त्या तुमची आई असतात, तुम्ही त्यांचं लेकरू असता, आणि तिथे काही लपवायची गरज नसते.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी आपापल्या केंद्राच्या ग्रुपवर फक्त "आमच्याकडेही आहे" एवढे दोन शब्द लिहावेत. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आठवड्यातले दोन तास देऊ करावेत. तेवढ्या वेळात ती सून भाजी आणेल, झोपेल किंवा नुसती देवळात जाऊन बसेल. तुम्ही आजींजवळ बसा. त्यांनी विचारलं, "हे अजून आले नाहीत?" तर आधी विचारा, "कसे होते हो ते?"

जय गुरुदेव 🙏

— एक सेविका, इंदूर केंद्र